टर्मिनल बिघडलं की आधी कुणाला धरायचं?

दर जूनमध्ये सोलापुरात अशोक चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात डिप्लोमाची तीन-चार पोरं ट्रेनिंगला येतात. पहिल्या आठवड्यात एक प्रसंग ठरलेला. कुणीतरी मान वर करून म्हणतं, "मॅडम, मशीन हँग झालं." जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत. माउस हलतोय, कोपऱ्यातलं घड्याळ चालतंय, फक्त टर्मिनलच्या, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या, काळ्या खिडकीत काही उमटत नाही. पोरानं सवयीनं कंट्रोल-एस दाबलेलं असतं. वर्डमध्ये दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची शिस्त लागलेलं पोर असेल तर शंभर टक्के. मी कंट्रोल-क्यू दाबते, अडलेलं सगळं भसाभस बाहेर येतं आणि मी उगाच मोठी ठरते.

गेल्या वर्षी एकानं मला हाक मारायच्या आधीच पॉवरचं बटण दाबून धरलं. त्या वेळी एका सूत व्यापाऱ्याच्या स्टॉकचा बॅकअप चालू होता. तो संध्याकाळी पहिल्यापासून घ्यावा लागला, आणि त्याच रात्री मी हे लिहायला बसले.

एक गोष्ट आधीच सांगते. गिऱ्हाइकांच्या दिवाणजींना मी आज्ञा फोनवर सांगते तशाच इथे लिहिल्या आहेत, एकेक अक्षर सुटं करून. तुम्ही त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, सलग टाइप करायच्या. जिथे 'स्पेस' म्हटलंय तिथेच जागा सोडायची. मोठं अक्षर हवं असेल तिथे मी 'कॅपिटल' म्हणेन.

चौघं जण

काळ्या खिडकीत जे दिसतं ते एकाचं काम नाही, चौघांचं आहे. पहिला, टर्मिनल एम्युलेटर. हा फक्त अक्षरं रंगवतो आणि तुम्ही दाबलेली बटणं पुढे पोचवतो. दुसरा, शेल, बहुतेक ठिकाणी बॅश. आज्ञा वाचून काम करवून घेणारा तो. तिसरा, तुम्ही चालवलेला प्रोग्रॅम. आणि चौथा कुणालाच दिसत नाही: खिडकी आणि शेल यांच्या मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसलेला टीटीवाय. नाव टेलिटाइप यंत्रावरून आलंय. कागदावर टकटक छापणारी ती यंत्रं कधीच भंगारात गेली, त्यांचे नियम मात्र अजून चालू आहेत. 'थांब' असं सांगायचा जो इशारा तोच कंट्रोल-एस. 'चालू दे' म्हणजे कंट्रोल-क्यू. म्हणून त्या पोराच्या 'हँग'मध्ये खिडकी, बॅश आणि प्रोग्रॅम तिघंही निर्दोष होते.

बिघाड कुठलाही असो, पहिला प्रश्न हाच: चौघांपैकी कुणाचा? शोधायचं कसं ते सोपं आहे. तेच काम दुसऱ्या टर्मिनलमध्ये करून बघा. मी एक्सटर्म त्यासाठीच ठेवलंय, म्हातारं आहे पण साक्षीला उत्तम. तिथे नीट चाललं तर दोष पहिल्या खिडकीचा. तिथेही तसंच झालं तर शेलकडे वळा आणि हे लिहा:

बी ए एस एच, स्पेस, डॅश डॅश एन ओ आर सी

यानं तुमच्या खासगी सेटिंग्जशिवाय कोरी बॅश सुरू होते. आता गाडी रुळावर आली तर भानगड तुमच्या 'डॉट बॅश-आर-सी' फाइलीत आहे. तरीही नाही आली, तर प्रोग्रॅम किंवा टीटीवाय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोरं इंटरनेटवरून पाच ओळी उचलून एकदम पेस्ट करतात. मग सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर विचारायलाच नको.

पहिल्या दिवसाची मांडणी

कुठलं टर्मिनल घ्यावं यावर पोरं तासभर भांडू शकतात. माझं मत: उबुंटूवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) जे आयतं येतं ते सुरुवातीला पुरे. मराठी मजकुराशी रोजचा संबंध असेल तर कोन्सोल नावाचं टर्मिनल बसवा, कारण पुढे सांगते. विंडोजवर असाल तर विंडोज टर्मिनल घ्या. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं ते जाहीर केलं आणि आता विंडोज ११ वर ते बसवलेलंच येतं. व्यापाऱ्यांच्या जुन्या मशीनवर मात्र अजून पुटी (लांबच्या सर्व्हरला जोडायचं टर्मिनल) भेटेल, त्यामुळे तेही हाताखालून जाऊ द्या.

सेटिंगमध्ये शिरल्यावर आधी नवं प्रोफाइल तयार करा, मूळ प्रोफाइलला हात लावू नका. उद्या सगळं विचकलं तर परत यायला घर असावं. फॉन्ट मोनोस्पेस हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा. निवडताना शून्य आणि कॅपिटल ओ, तसंच एक आकडा आणि छोटं एल हे शेजारी शेजारी लिहून बघा. फरक नजरेला पटकन कळला पाहिजे. आकार १४ ठेवा. चष्मा लागल्यावर आकार वाढवण्यापेक्षा आधीच वाढवलेला बरा. रंगाचं म्हणाल तर काळ्यावर हिरवं फक्त सिनेमात शोभतं. आमच्या ऑफिसला पश्चिमेची खिडकी आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर काळ्या पडद्यावर आपलंच तोंड दिसतं, म्हणून मी दोन प्रोफाइल ठेवलीत: सकाळसाठी गडद, दुपारसाठी पांढरट.

स्क्रोलबॅक म्हणजे वर सरकवून मागचं किती दिसेल ते. दहा हजार ओळी ठेवा. कमी ठेवलं तर नेमकी चूक सांगणाऱ्या संदेशाची पहिली ओळ गायब होते, आणि सगळं मर्म त्या पहिल्या ओळीतच असतं. घंटीचा आवाज बंद करा, शेजाऱ्यांचा दुवा मिळेल.

कॉपी-पेस्टचं मात्र पक्कं डोक्यात बसवा. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नव्हे, चालू काम तोडणं. कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी, पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. पुटीत माउसनं निवडलं की कॉपी झालंच आणि उजवं बटण दाबलं की पेस्ट. म्हणजे पुटीत उजवं क्लिक 'बघू काय होतं' म्हणून करायचं नाही. क्लिपबोर्डवर चार ओळी असतील तर जुन्या सर्व्हरवर त्या चारही धडाधड चालतात. नवी बॅश थोडी शहाणी आहे, पेस्ट केलेलं एंटर दाबेपर्यंत रोखून धरते. कधी पेस्टच्या आधी '२००~' आणि शेवटी '२०१~' असं काहीतरी चिकटलेलं दिसलं तर ते याच रोखून धरण्याच्या खुणांचं उष्टं. टर्मिनल खुणा पाठवतंय आणि पलीकडच्याला त्या कळत नाहीत, एवढाच अर्थ. ती ओळ पुसा, पुढे सांगितलेलं रीसेट करा, पुन्हा पेस्ट करा.

पुटीची आणखी एक खोड. सेटिंग बदललं, कनेक्ट झालं, दुसऱ्या दिवशी बघावं तर सगळं जैसे थे. पुटी स्वतःहून काहीच जपून ठेवत नाही. आधी सेशनच्या यादीतलं नाव निवडून लोड दाबा, मग डावीकडच्या शाखांत जाऊन हवं ते बदला, मग परत वर सेशनवर येऊन सेव्ह दाबा, आणि मगच ओपन. यातलं 'परत वर येऊन सेव्ह' सगळे विसरतात. मीही विसरते.

ते: कमांड नॉट फाउंड

हा शब्दशः आलेला फोन आहे. "ताई, मी फाइलींची यादी मागतोय आणि मशीन म्हणतंय 'ते' नावाची आज्ञा नाही." दिवाणजींनी बरोबर एल आणि एस हीच बटणं दाबली होती, पण आधी मराठीत पत्र लिहिताना कीबोर्ड इनस्क्रिप्टवर गेलेला. इनस्क्रिप्टमध्ये एलच्या बटणावर 'त' आहे आणि एसच्या बटणावर एकाराची मात्रा. झालं 'ते'. तसंच सी-डी टाइप केलं तर 'म्' उमटतं. असं अर्धवट मराठी अक्षर आज्ञेच्या जागी दिसलं की टर्मिनलकडे बघूच नका. कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बदला, बहुतेक ठिकाणी सुपर-स्पेस किंवा विंडोज-स्पेस. पासवर्ड टाकताना हे घडलं तर पत्ताही लागत नाही, कारण तिथे काहीच उमटत नाही. पासवर्ड तीनदा चुकला की आधी भाषा तपासा, मग कॅप्स लॉक, मग स्वतःची स्मरणशक्ती.

(पासवर्ड टाकताना टिंबंसुद्धा न दिसणं हा बिघाड नाही. तसंच असतं. हे दरवर्षी सांगावं लागतं.)

मराठी अक्षरांचे आजार

सोलापुरात गिऱ्हाइकाची नावं मराठीत, कधी तेलुगूत, कधी कन्नडमध्ये येतात. ती टर्मिनलमध्ये बघायची वेळ आली की पोरं म्हणतात, "फॉन्ट बिघडलाय." दर वेळी फॉन्टच असतो असं नाही. लक्षणं बघा.

अक्षराच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर खरंच फॉन्ट नाही. मजकूर शाबूत आहे, रंगवायला साचा नाही एवढंच. आपल्याकडे मराठीचे कोणते फॉन्ट आहेत ते असं विचारा:

एफ सी डॅश एल आय एस टी, स्पेस, कोलन एल ए एन जी, बरोबरचं चिन्ह, एम आर

यादी रिकामी आली तर उबुंटूवर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज बसवा (शेवटचा शब्द डी ई व्ही ए) आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. टर्मिनलचा मूळ फॉन्ट बदलायची गरज नाही. त्यात देवनागरी नसेल तर यंत्रणा आपणहून दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर उसनं आणते.

प्रश्नचिन्हं, किंवा डोक्यावर रेघ-टिंब असलेली परदेशी रोमन अक्षरं रांगेनं दिसली, तर घोळ एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीचा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. वाचणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो एकेका बाइटचं एकेक अक्षर करतो, आणि एका 'स'च्या जागी तीन अनोळखी पाहुणे हजर होतात. पुटीत असाल तर विंडो शाखेखालचं ट्रान्सलेशन उघडून तिथे यूटीएफ-८ आहे ना ते बघा. लिनक्सवर फक्त 'एल ओ सी ए एल ई' एवढं टाइप करा. पहिल्या ओळीत लँगपुढे शेवटी यूटीएफ-८ दिसायला हवं. नुसतं कॅपिटल सी किंवा पॉसिक्स दिसलं तर तेच कारण. सर्व्हरवर भाषेची पॅकेजं नसली तरी 'सी डॉट यूटीएफ-८' हे लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगचं सेटिंग) नव्या डेबियन-उबुंटूवर आयतं मिळतं, ते चालतं. मी स्वतः भाषा इंग्रजी आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवते. चूक सांगणारा संदेश इंग्रजीत आला की शोधायला सोपा जातो. मराठी भाषांतर केलेला संदेश इंटरनेटवर शोधून बघा, मग कळेल.

खात्री करायची एक युक्ती आहे:

ई सी एच ओ, स्पेस, डॅश एन, स्पेस, सोलापूर, स्पेस, उभी दांडी (पाइपचं चिन्ह, मराठी दंड नव्हे), स्पेस, डब्ल्यू सी, स्पेस, डॅश एम

गावाचं नाव मराठीतच लिहायचं. उत्तर ७ आलं तर लोकेल बरोबर: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र. उत्तर २१ आलं तर डब्ल्यू-सी बाइट मोजतंय, अक्षरं नाही. म्हणजे लोकेल चुकलंय. पडदा खोटं दाखवेल, हा आकडा नाही.

तिसरं लक्षण सगळ्यात फसवं. अक्षरं आपलीच दिसतात, पण वेलांटी भलत्या बाजूला, काना सुटलेला, जोडाक्षर पाय मोडून उभं, मध्येच टिंबांचं एक वर्तुळ. इथे फॉन्टही आहे आणि एन्कोडिंगही बरोबर आहे. दोष खिडकीच्या घडणीत आहे.

हे समजायला सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागतो, कारण त्यांनी जकार्डचा माग पाहिलेला असतो. सोलापुरी चादरीवरचा मोर म्हणजे मुळात चौकटींचा हिशेब: पुठ्ठ्याच्या कार्डात भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकारनं हे यंत्र उभं केलं. भोकं पाडलेल्या कार्डांची हीच रीत पुढे हिशेबाच्या यंत्रांत आली. आयबीएमनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड काढलं, आणि पडदे आले तेव्हा ओळीची रुंदी तीच ठेवली गेली. १९७८ च्या व्हीटी-१०० या गाजलेल्या टर्मिनलवर २४ ओळी आणि ८० रकाने होते. तुमची आजची खिडकी त्याच जातीच्या यंत्रांची नक्कल आहे. एक चौकट, एक अक्षर.

रोमन लिपी त्या चौकटींत निमूट बसते. आपली बसत नाही. 'क्षि' हे डोळ्याला एक अक्षर, पण आत चार चिन्हं: क, पाय मोडायचं हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी लिहिली शेवटी, दिसायला हवी सगळ्यात आधी. चारही चिन्हं एकत्र जुळवून मगच रंगवायला हवीत, आणि काही टर्मिनलं ती एकेका चौकटीत सुटी टाकतात. वरून, याला किती चौकटी लागतील हे प्रोग्रॅम आपल्या हिशेबानं मोजतो आणि टर्मिनल आपल्या. दोघांचा हिशेब जुळला नाही की कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर पुसलं जातं दुसऱ्याच जागी.

यावर पूर्ण इलाज नाही. कोन्सोल त्यातल्या त्यात जोडाक्षरं नीट जुळवतं, म्हणून मी ते सुचवलं. एमएलटर्म नावाचं टर्मिनल तर अनेक लिप्यांसाठीच लिहिलंय, दिसायला रांगडं आहे. अलॅक्रिटी वेगाला छान, पण ही जुळवाजुळव करत नाही, तेव्हा मराठीसाठी सोडून द्या.

आणि एक कळकळीचं: टर्मिनलमध्ये मराठी मोडकं दिसलं म्हणून फाइल 'दुरुस्त' करू नका. आमच्याकडे एका ट्रेनीला पत्त्यांच्या फाइलीत सोलापूरचा 'ला' काना सुटलेला दिसला. त्यानं प्रामाणिकपणे प्रत्येक ओळीत आणखी एक काना दिला. त्याच्या खिडकीत ते छान दिसायला लागलं, बिलांवर मात्र 'सोलाापूर' छापून गेलं. डब्ल्यू-सीची वरची युक्ती केली असती तर मूळ फाइलीत ७ आणि त्याच्या फाइलीत ८ आलं असतं. शंका आली की फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. तिथे नीट असेल तर ती नीटच आहे.

छापखान्याकडून आलेली फाइल उघडल्यावर सगळा मजकूर रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांचा चिवडा दिसला, तर चौघांपैकी कुणीच गुन्हेगार नाही. ती फाइल श्री-लिपी, कृती देव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख असल्या जुन्या फॉन्टात बांधलेली असते. आत खरंच रोमन जागांवरची अक्षरं आहेत, ठरावीक फॉन्ट लावला तरच ती मराठी भासतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, टर्मिनलची कितीही मनधरणी करून उपयोग नाही.

गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायचा प्रोग्रॅम) वापरत असाल आणि मराठी नावाच्या फाइलीऐवजी तिरक्या दांड्या आणि ३४०, २४४ असे आकडे दिसले तर घाबरू नका. ते बाइटच आहेत, आठाच्या हिशेबातले. गिटमधलं 'कोअर डॉट कोटपाथ' हे सेटिंग फॉल्स केलं की नावं दिसतात. तरी माझी पद्धत अशी: आत मजकूर मराठी, फाइलीचं नाव रोमन. रात्री अकरा वाजता दुसऱ्याच्या सर्व्हरवर मराठी नावाची फाइल पुसायची वेळ आली की ही पद्धत पटते.

पडद्यावर गिचमिड

चुकून फोटो किंवा झिप फाइल कॅट या आज्ञेनं उघडली की पडद्यावर कचरा येतो आणि नंतर तुमची साधी अक्षरंही चित्रविचित्र होतात. त्या कचऱ्यात योगायोगानं टर्मिनलला समजणारे काही इशारे असतात आणि ते बिचारं ते पाळतं. खिडकी बंद करायची गरज नाही. आंधळेपणानं टाइप करा:

आर ई एस ई टी

आणि एंटर. उमटताना काही वाचता येणार नाही, तरी हात थांबवू नका. एंटरही मानत नसेल तर कंट्रोल-जे दाबा, रीसेट लिहा, पुन्हा कंट्रोल-जे. एखादा प्रोग्रॅम मध्येच मेला आणि आता टाइप केलेलं दिसतच नाही, पण आज्ञा चालतात, तर तो टीटीवायचा दोष. त्यालाही रीसेट चालतं, किंवा नुसतं हे:

एस टी टी वाय, स्पेस, एस ए एन ई

कंट्रोल-एसचा त्रास कायमचा घालवायचा तर 'एस टी टी वाय, स्पेस, डॅश आय एक्स ओ एन' ही ओळ बॅश-आर-सी फाइलीत शेवटी घाला. आणि काम गायब होऊन 'स्टॉप्ड' असं दिसलं तर तुम्ही कंट्रोल-झेड दाबलंय. काम मेलं नाही, बाजूला उभं आहे. 'एफ जी' लिहिलं की परत येतं.

लांब आज्ञा लिहिताना ओळ पुढे न जाता स्वतःच्याच डोक्यावर चढते का? पोरांनी प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेच्या आधी दिसणारा मजकूर, रंगीत केलेला असतो. रंगाचे इशारे दिसत नाहीत, पण बॅश त्यांचीही लांबी मोजते, म्हणून ओळ कुठे मोडायची ते तिला चुकतं. प्रॉम्प्टमधल्या प्रत्येक रंगाच्या इशाऱ्याआधी उलटी तिरकी दांडी आणि उघडता चौकोनी कंस, नंतर उलटी तिरकी दांडी आणि मिटता चौकोनी कंस घाला, म्हणजे बॅश तेवढं मोजायचं सोडते.

लांबचा सर्व्हर आणि गेलेली लाइट

एसएसएचनं (लांबच्या मशीनवर शिरायच्या प्रोग्रॅमनं) सर्व्हरला जोडलंय, चहाला गेलात, परत आलात तर खिडकी दगड. कंट्रोल-क्यू दाबून बघा. त्यानं हललं नाही तर जोडणीच तुटलीय, मधल्या राउटरनं शांत बसलेली लाइन काढून टाकली. खिडकी फोडू नका. एंटर दाबा, मग टिल्ड (एक आकड्याच्या डावीकडचं बटण, शिफ्टसह), मग टिंब. एसएसएच तिथल्या तिथे सुटतं आणि तुम्ही आपल्या मशीनवर परत येता. हे पुन्हा होऊ नये म्हणून एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत 'सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल' ६० करा. दर मिनिटाला 'आहे मी' असा निरोप जात राहतो. पुटीत हेच कनेक्शन शाखेत कीप-अलाइव्हच्या नावानं आहे, तिथे शून्य असेल ते ६० करा.

पण लाइट गेली आणि यूपीएसनं दम सोडला तर निरोप पाठवायला कोण उरणार? म्हणून लांबचं प्रत्येक मोठं काम टीमक्समध्ये करायचं, तो जोडणी तुटली तरी सर्व्हरवर काम चालू ठेवतो. सर्व्हरवर 'टी एम यू एक्स, स्पेस, एन ई डब्ल्यू, स्पेस, डॅश एस, स्पेस, के ए ए एम' लिहा आणि त्या आत काम सुरू करा. बाहेर पडायला कंट्रोल-बी, हात सोडून मग डी. लाइट आल्यावर पुन्हा जोडा आणि 'टी एम यू एक्स, स्पेस, ए टी टी ए सी एच' लिहा. काम तुमच्याशिवाय पुढे सरकलेलं असतं. आमच्याकडे नियमच आहे: टीमक्सबाहेर बॅकअप सुरू केला तर संध्याकाळचा चहा त्याच्याकडून.

सर्व्हरवर गेल्यावर 'अननोन टर्मिनल टाइप' असा संदेश आला, किंवा बॅकस्पेसनं पुसण्याऐवजी जागा पुढे सरकायला लागली, तर ओळखपत्राचा घोळ आहे. टर्मिनल आपलं नाव टर्म या चलात सांगतं आणि सर्व्हर त्या नावाची माहिती आपल्या यादीत शोधतो. किटीसारखं नवं टर्मिनल आणि दहा वर्षांचा सर्व्हर असला की नाव यादीत नसतं. तात्पुरतं ओळखीचं नाव सांगा:

ई एक्स पी ओ आर टी, स्पेस, कॅपिटल टी, कॅपिटल ई, कॅपिटल आर, कॅपिटल एम (सलगच), बरोबरचं चिन्ह, एक्स टी ई आर एम डॅश २५६ सी ओ एल ओ आर

आकडे अर्थात रोमन. ही ओळ बॅश-आर-सीमध्ये कायमची घालू नका. मग टीमक्सच्या आतही तेच खोटं नाव सांगितलं जातं आणि तिथले रंग-बटणं बिघडतात.

टर्मिनल उघडतच नाही

चिन्हावर क्लिक केलं, चक्र फिरलं, काही नाही. माझ्या पाहण्यात तीन कारणं वारंवार येतात. जीनोम टर्मिनल यूटीएफ-८ लोकेल नसेल तर चालायलाच नकार देतं. उबुंटूच्या काही आवृत्त्यांत ते सुरू करणारी फाइल पायथॉनमध्ये आहे, त्यामुळे कुणी यंत्राचा मूळ पायथॉन बदलला की तीही बसते. तिसरं, खिडकी चमकून लगेच मिटते. तेव्हा बहुधा बॅश-आर-सीमध्ये कुठेतरी 'एक्झिट' शिरलेलं असतं.

अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. पूर्ण पडदा काळा होऊन लॉगिन मागेल. हा खिडकीतला टर्मिनल एम्युलेटर नाही, लिनक्सचा स्वतःचा कन्सोल आहे (वरचं कोन्सोल वेगळं), म्हणून तुमची खिडकी मोडली तरी तो जिवंत असतो. लॉगिन करा. संशय बॅश-आर-सीवर असेल तर तिचं नाव एम-व्ही आज्ञेनं बदलून ठेवा, पुसू नका. कन्सोलवरही लॉगिन होताच बाहेर फेकलं जात असाल तर दुसऱ्या खात्यानं शिरून ते काम करा. लोकेलचा संशय असेल तर ईटीसीखालच्या डिफॉल्ट फोल्डरमधली लोकेल फाइल नॅनो या एडिटरमध्ये उघडून लँगची ओळ यूटीएफ-८ नं संपतेय ना ते बघा, आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. पायथॉन बदलला असेल तर ज्यानं बदलला त्यालाच परत करायला लावा.

या कन्सोलवर मराठी दिसणार नाही. त्याच्या फॉन्टात जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, आपली जोडाक्षरं त्यात कुठली बसायला. तिथले चौकोन बघून पुन्हा मला फोन करू नका. काम झालं की कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबा, त्यानं नाही झालं तर एफ१, आणि आपल्या पडद्यावर परत या.